यंत्रचित्रांची सामाईक लिपी

बीड जिल्ह्यांतील परळी वैजनाथ येथें औष्णिक वीजकेंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ सालीं सुरू झाला. पुढें १९८० ते १९८७ या अवधींत २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले, आणि चालू शतकांत २५० मेगावॅटच्या आणखी तीन संचांची भर पडली. असें वीजकेंद्र म्हणजे एक यंत्र नव्हे. बॉयलर, टर्बाइन, जनित्र, पंप, पंखे, झडपा, नळ आणि कोळसा वाहणारे पट्टे अशा हजारों वस्तूंचा तो संसार असतो. यांतील कोणती वस्तु केव्हां झिजेल याचा नेम नाहीं. यंत्र तीस-चाळीस वर्षें चालावयाचें, त्याचें एखादें दांतेरी चाक विसाव्या वर्षीं निकामी व्हावयाचें, आणि त्या दिवशीं तें चाक नव्यानें घडवावयाचें तर त्याचें ड्रॉइंग कोणास तरी वाचतां आलें पाहिजे. पाण्यानें दगा दिला म्हणून परळीचें केंद्र २०१३ सालीं बंद ठेवावें लागलें होतें. तो निसर्गाचा कोप म्हणतां येईल. परंतु ड्रॉइंग जवळ असून वाचतां येत नाहीं म्हणून एखादें यंत्र थांबलें, तर तो कोप कोणाचा म्हणावा?

कागदाच्या काळांत हा प्रश्न उद्भवतच नसे. शाईनें काढलेलें मूळ चित्र आणि त्यावरून काढलेल्या निळ्या प्रती एवढाच सारा पसारा. वाळवीपासून आणि पावसापासून कागद राखला म्हणजे परळीचा फिटर, नागपूरचा इंजिनियर आणि कोल्हापूरचा ओतारी या तिघांसही तो सारखाच वाचतां येई. डोळा हेंच वाचनाचें साधन. त्याचें कोणास भाडें द्यावें लागत नसे. आज ड्रॉइंग कागदावर जन्मास येतच नाहीं. तें संगणकाच्या पडद्यावर, लांबी, रुंदी व उंची या तिन्ही अंगांसह, जणूं खरा पदार्थ कोरावा तसें तयार होतें. या विद्येस कॅड म्हणतात. अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत १९६३ सालीं आयव्हन सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ करून तिचा पाया घातला. १९८२ सालीं ऑटोकॅड निघालें आणि ही विद्या लहान संगणकावर आली. प्रो-इंजिनियर, कॅटिया, सॉलिडवर्क्स अशीं एकाहून एक समर्थ सॉफ्टवेअरें झालीं. बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनांतील विद्यार्थीही आतां टी-स्क्वेअरपेक्षां माउस अधिक हातीं धरतो.

अडचण इतकीच कीं, या प्रत्येक सॉफ्टवेअरची लिहिण्याची रीत निराळी आहे. याला एक कारण गणिताचें. वक्र पृष्ठभाग आंकड्यांत कसा मांडावा, दोन पृष्ठभाग कडेला मिळाले असें केव्हां समजावें, याविषयीं प्रत्येकाच्या सूत्रांत थोडें थोडें अंतर आहे. दुसरें कारण व्यापाराचें, आणि खरें सांगावयाचें तर तेंच अधिक बलवत्तर. ज्याची फाईल दुसऱ्याकडे उघडत नाहीं, त्याचें गिऱ्हाईकही दुसऱ्याकडे सहसा जात नाहीं.

समजा, माजलगांवच्या एखाद्या जिनिंग कारखान्याच्या मालकास आपल्या जिनच्या गिअरबॉक्सची सुधारलेली प्रत करून घ्यावयाची आहे. त्याचें चित्र बीडमधील एक तरुण एका सॉफ्टवेअरांत काढतो. पेटीचें ओतकाम कोल्हापुरास व्हावयाचें आहे, आणि दांते छत्रपती संभाजीनगरला कापावयाचे आहेत. कोल्हापूरकडे दुसरेंच सॉफ्टवेअर आहे; संभाजीनगरकडे पहिलेंच आहे, पण तीन वर्षांपूर्वींचें, आणि जुन्या आवृत्तीला नव्या आवृत्तीची फाईल बहुधा उघडतां येत नाहीं. तिघेही मराठी बोलणारे, तिघेही आपापल्या कामांत वाकबगार. परंतु त्यांच्या यंत्रांची आपसांत बोलचाल नाहीं.

त्यांतून येथें पाठवावयाचा आहे तो एक भाग नव्हे, तर सबंध जुळणी. कारखान्यांत तिला असेंब्ली म्हणतात. कॅडमध्यें प्रत्येक सुटा भाग स्वतंत्र फाईलींत असतो, आणि ते सारे एकत्र बसवून जें यंत्र दिसतें त्याची आणखी एक फाईल असते. श्रोत्यांस ऐकून नवल वाटेल, परंतु बहुतेक सॉफ्टवेअरांत या असेंब्लीच्या फाईलींत भागांचीं खरीं रूपें सांठविलेलीं नसतात. कोणता भाग कोणत्या फाईलींत आहे त्याचे पत्ते आणि तो कोठें व कसा बसवावा याच्या सूचना, हेंच काय तें तींत मुख्यत्वें असतें. नवशिका मुलगा ती एकच फाईल पाठवून मोकळा होतो, आणि पलीकडच्या मनुष्याच्या पडद्यावर भागांच्या नांवांची नुसती यादी उमटते. लग्नपत्रिका पोंचली, वऱ्हाड मात्र घरींच राहिलें, असा हा प्रकार! प्रत्येक कारखान्यांत तो एकदां तरी घडतोच.

या दुखण्यावर सामाईक लिपीचा उपाय प्रथम अमेरिकेंत १९७९ सालीं योजण्यांत आला. बोइंग आणि जनरल इलेक्ट्रिक यांसारख्या मोठ्या कारखानदारांनीं तेथील सरकारी मापन-संस्थेच्या साह्यानें ‘आयजेस’ नांवाची पद्धति तयार केली. तींत प्रत्येक ओळ ऐंशी अक्षरांचीच असे, कारण त्या काळच्या भोंके पाडलेल्या कार्डांवर तेवढीच मावत. ती रेषा व पृष्ठभाग बऱ्यापैकीं पोंचवी, पण हे पृष्ठभाग मिळून एक भरीव वस्तु होते आणि अशा वस्तू मिळून एक यंत्र होतें, ही समज तींत कच्ची होती. तेव्हां १९८४ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें निराळ्या पायावर काम हातीं घेतलें. दहा वर्षें खल झाल्यावर १९९४-९५ मध्यें आयएसओ १०३०३ हें मानक प्रसिद्ध होऊं लागलें. व्यवहारांत त्यास ‘स्टेप’ म्हणतात, आणि आज जवळजवळ प्रत्येक मोठ्या कॅड सॉफ्टवेअरला ती लिपी लिहितां व वाचतां येते.

स्टेप फाईलचा मोठा गुण हा कीं, ती साध्या अक्षरांत असते. तिच्यासाठीं कोणतेंही महाग साधन नसलें, तरी मजकूर लिहिण्याच्या साध्यांत साध्या प्रोग्रॅममध्यें ती उघडून पाहतां येते. आरंभीं मानकाचें नांव, मग फाईल कोणीं व केव्हां केली याची नोंद, आणि त्यापुढें क्रमांक घातलेल्या हजारों ओळी. एका ओळींत एक बिंदु, दुसरींत एक दिशा, तिसरींत त्या दोहोंच्या आधारें एक सरळ रेषा किंवा वर्तुळ. वर्तुळांवरून कडा, कडांवरून पृष्ठभाग, पृष्ठभागांवरून बंद कवच, आणि कवचावरून भरीव वस्तु. प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळींचा क्रमांकानें उल्लेख करते. भूमितीच्या पुस्तकांत एक सिद्धान्त मागील सिद्धान्ताचा हवाला देतो, तशीच ही रचना. मापें मिलिमीटरांत आहेत कीं इंचांत, हेंही तींत स्पष्ट सांगितलेलें असतें.

असेंब्लीची तजवीज तर विशेष पाहण्यासारखी आहे. वरील गिअरबॉक्सच्या झांकणास बारा बोल्ट आहेत असें धरूं. बोल्टाचें रूप फाईलींत एकदांच लिहावयाचें. मग ‘हा बोल्ट या यंत्रांत वापरला आहे’ अशा बारा नोंदी करावयाच्या, आणि प्रत्येक नोंदीस एक जागा जोडावयाची. जागा म्हणजे एक मूळबिंदु आणि दोन दिशा. तिसरी दिशा त्यांवरून आपोआप ठरते. झांकण पेटींत, पेटी जिनमध्यें, अशी उतरंड हवी तितकी लावतां येते. पत्ते देऊन भागणार नाहीं, तर भागांचीं रूपेंही या एकाच फाईलींत आलीं पाहिजेत, अशी योजना केली म्हणजे पत्रिकेबरोबर सगळें वऱ्हाडही येऊन पोंचतें.

याच बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईस, दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा एका वस्त्रावर त्यांनीं पंचीकरणाचा सारा विषय लिहून काढला. एकाच वस्त्रावर सगळें असल्यामुळें पानें विखुरण्याचें भय उरलें नाहीं. आणि लिपी सर्वांच्या परिचयाची असल्यामुळें चार शतकांनंतरही वाचणारास ती अडत नाहीं. स्टेपच्या कर्त्यांना पासोडी ठाऊक असण्याचें कारण नाहीं, परंतु त्यांनीं साधूं पाहिल्या त्या गोष्टी याच दोन.

याच्या उलट उदाहरणही मराठवाड्यानें नुकतेंच पाहिलें आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति २०२३ सालीं नेमली गेली, तेव्हां निजामी अमदानींतील दप्तरें बाहेर निघालीं. त्यांतील कित्येक कागद मोडींत, कित्येक उर्दूंत. कागद शाबूत होते; वाचणारे मात्र थोडे, आणि मोडी जाणणारांना शोधून आणावें लागलें. ज्या लिपींत एके काळीं सारा कारभार चाले, ती दोन-तीन पिढ्यांत अशी परकी होते! मोडी निदान कोणा एका दुकानदाराच्या मालकीची नव्हती. कॅडच्या खाजगी लिप्या तशा आहेत, आणि त्यांचें आयुष्य पिढ्यांनीं नव्हे, वर्षांनीं मोजावें लागतें. ऑटोडेस्क कंपनीनें आपलें सॉफ्टवेअर कायमचें विकत देणें २०१६ सालीं बंद केलें. तेव्हांपासून तें मुदतीच्या भाड्यानें घ्यावें लागतें. भाडें थकलें म्हणजे स्वतःच काढलेलें चित्र स्वतःसच उघडून बदलतां येत नाहीं. माजलगांवच्या मालकाच्या दृष्टीनें पाहतां, घर स्वतः बांधावें आणि कुलपाची किल्ली मात्र महिन्याच्या महिन्याला भाड्यानें आणावी, अशी ही अवस्था आहे.

मोठ्यांचीही यांतून सुटका नाहीं. एअरबस ए-३८० या दुमजली विमानाची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्या पोटांत सुमारें ५३० किलोमीटर लांबीच्या विजेच्या तारा. हँबुर्ग येथील जर्मन इंजिनियर कॅटियाच्या चौथ्या आवृत्तींत काम करीत होते, आणि तुलूझ येथील फ्रेंच इंजिनियर पांचव्या. सॉफ्टवेअर एकाच घराण्याचें, कंपनीही एकच. परंतु दोन आवृत्त्यांमध्यें तारांच्या वळणांची माहिती नीट उतरली नाहीं. जुळणीच्या वेळीं तारांचे जुडगे आंखूड पडूं लागले. २००६ सालीं ही गोष्ट बाहेर फुटली, कंपनीच्या प्रमुखांस जावें लागलें, आणि विमानें गिऱ्हाइकांस मिळण्यास सुमारें दोन वर्षांचा उशीर झाला. अमेरिकेंतील एकट्या मोटारधंद्यांत अशा न जुळणाऱ्या फाईलींपायीं दरसाल निदान शंभर कोटि डॉलर वायां जातात, असा हिशेब तेथील राष्ट्रीय मापन-संस्थेनें १९९९ सालींच मांडला होता.

आतां स्टेपची दुसरी बाजू. सामाईक लिपीचा कैवार घेणारे पुष्कळदां ती सांगण्याचें टाळतात, आणि मग फसलेला कारागीर लिपीलाच दोष देतो. स्टेपमध्यें वस्तूचें रूप उतरतें, परंतु तें रूप कसें घडलें याची हकीकत उतरत नाहीं. बीडच्या तरुणानें पेटी काढतांना आधीं चौकोन काढला, त्यास जाडी दिली, मधोमध भोंक पाडलें, आणि ‘हें भोंक कडेपासून नेहमीं निम्म्या अंतरावर असावें’ असा नियम घातला. त्याच्या स्वतःच्या फाईलींत पेटीची रुंदी ४०० च्या जागीं ४५० मिलिमीटर केली तर भोंक आपोआप सरकतें. कोल्हापुरास पोंचलेल्या स्टेप फाईलींत तें सरकत नाहीं. तेथें भोंक आहे, पण तें तेथेंच कां आहे हें कोणास ठाऊक नाहीं. या धंद्यांतले लोक अशा आकारास मुका घनाकार म्हणतात, तें यथार्थ आहे. असेंब्लीचेंही तसेंच. शाफ्ट बेअरिंगच्या मध्यावर आहे इतकें दिसतें. तो तेथें बांधला आहे आणि फिरूं शकतो, हें संबंधाचें ज्ञान सामान्यतः गळून जातें.

आट्यांची गोष्ट अधिक धोक्याची. पुष्कळ सॉफ्टवेअरांत भोंकाच्या आट्या खऱ्या कोरलेल्या नसतात. नुसती खूण केलेली असते. खूण स्टेपमध्यें बहुधा जात नाहीं, आणि आट्यांचें भोंक साधें भोंक होऊन बसतें. दांते कापणारानें तसेंच पाडून दिलें तर त्यास दूषण देतां येत नाहीं. पहिल्या पद्धतींत, जिला एपी २०३ म्हणतात, रंगसुद्धां उतरत नसत. मोटारधंद्यासाठीं निघालेल्या एपी २१४ मध्यें ते आले. पुढें या दोहोंचा मिलाफ करून २०१४ सालीं एपी २४२ निघाली. तींत मापाची सूट, पृष्ठभागाची सफाई वगैरे कारागिराला लागणाऱ्या सूचनाही यंत्राला समजतील अशा रीतीनें लिहिण्याची सोय झाली.

फटींचाही एक उपद्रव आहे. एका सॉफ्टवेअरला जी कड बंद दिसते, ती अधिक काटेकोर अशा दुसऱ्यास उघडी दिसते, आणि भरीव वस्तु उघडतांच पोकळ पत्र्यासारखी होऊन पडते. पखालीला सुईएवढें भोंक असलें तरी ती पखाल नव्हे, असा गणिताचा न्याय! हीं भोंकें शोधून सांधण्याचें काम किचकट आहे, आणि या क्षेत्रांत पुण्यामुंबईकडील मंडळींचा हातभार लागलेला आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. गोदरेज उद्योगसमूहांतून १९९४ सालीं निघालेल्या जिओमेट्रिक या कंपनीनें कॅडच्या भूमितीचेंच काम आपला धंदा केला. कॅटिया निर्माण करणाऱ्या फ्रेंच दासो कंपनीबरोबर तिनें २००२ सालीं भागीदारींत संस्था काढली, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या फाईली उघडून पाहण्याचें ‘ग्लोव्हियस’ हें साधनही तिच्याच घरचें. पुढें ती कंपनी एचसीएलमध्यें विलीन झाली. मराठी कारखान्यांत मात्र परदेशी लिप्यांचा दुभाषा आपल्याच शेजारीं तयार झाला होता याची जाणीव क्वचित् आढळते.

हकीकत उतरत नाहीं ही उणीव खरी. परंतु कित्येकांस ती सोयीचीही वाटते. शेजारणीस लोणचें द्यावें, पण मसाल्याचें प्रमाण घरांत ठेवावें, हा गृहिणीचा शहाणपणा कारखानदारासही कळतो. स्टेप दिली म्हणजे रूप दिलें. बेत आपल्याजवळ राहिला. त्यांतही ज्यास फक्त पेटी ओतावयाची आहे, त्यास आंतील चाकांसकट सबंध असेंब्ली धाडण्याचें कांहींच कारण नाहीं. नको ते भाग झांकून बाहेरचें कवच तेवढें पाठवितां येतें, आणि फाईलही हलकी होते. उलट, तीन परिमाणांत छापणाऱ्या यंत्रांसाठीं वापरतात ती ‘एसटीएल’ फाईल यंत्रभागांच्या देवघेवींत कोणी देऊं नये. तींत गोल शाफ्ट हा खरा गोल नसून लहान लहान त्रिकोणांचा बनलेला असतो, आणि मिलिमीटर कीं इंच याचाही तींत उल्लेख नसतो.

यावरून जाणते लोक जी रीत पाळतात ती अशी. मूळ फाईल तिच्या आवृत्तीच्या नांवासह जपून ठेवावयाची, कारण बदल करावयाचा तर तींतच करतां येतो. सबंध असेंब्लीची एक स्टेप फाईल तिच्या शेजारीं ठेवावयाची, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर गेलें तरी रूप राहतें. विमानधंद्यांत दीर्घकाळ जतन करावयाच्या ड्रॉइंगांसाठीं याच मानकाचा आश्रय केलेला आहे. आणि स्टेप फाईल तयार झाली म्हणजे काम संपलें असें न मानतां, ती दुसऱ्या सॉफ्टवेअरांत परत उघडून पाहावयाची. भागांची संख्या मूळाइतकीच भरते काय, घनफळ तेंच येतें काय, एकाददुसरें मुख्य अंतर मोजून जुळतें काय, एवढें पाहण्यास पाव तास पुरतो. तो पाव तास वांचविण्याकडेच बहुतेकांचा कल असतो, हें निराळें.

राहतां राहिल्या आट्या, मापाची सूट आणि धातूची जात. एपी २४२ मध्यें या सूचना घालतां येतात खऱ्या. परंतु ती सोय कित्येक सॉफ्टवेअरांत अधिक किंमतीच्या आवृत्तींतच मिळते, आणि लहान कारखान्यांतील जुन्या सॉफ्टवेअरांना ती वाचतांही येत नाहीं. म्हणून माजलगांवची गिअरबॉक्स कोल्हापूर व संभाजीनगर येथें स्टेप फाईलच्या रूपानें क्षणांत पोंचली, तरी तिच्यामागोमाग आट्यांचीं मापें लिहिलेला एक छापील कागदही धाडावा लागतोच.